काळ्या पडद्यावरची खानावळ

कम्प्युटरवरचा कुठलाही खेळ कुठल्याही मोबाइलवर चालवून दाखवणारा, आणि त्यातला एकही खेळ जन्मात कधी न खेळलेला माणूस अख्ख्या नागपुरात एकच आहे. तो माझा साडभाऊ आहे, हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. थोरल्या बहिणीला आम्ही दोघंही ताई म्हणतो आणि यांना भाऊजी. प्रताप नगरात राहतात, सरकारी कचेरीत बाबू आहेत, आणि घरी आल्यावर फोनच्या पोटात कम्प्युटर घालायचा उद्योग करतात. आपण दारात उभं राहून जय भीम म्हणावं, तर त्यांचा जय भीम येतो जरूर, पण तो स्क्रीनकडे बघून येतो. आपल्याकडे यायला त्यांच्या नजरेला आणखी पाच मिनिटं लागतात. या उद्योगाला एम्युलेशन म्हणतात हे मला फार उशिरा कळलं, कारण भाऊजींनी मला ते पहिल्यांदा समजावलं तेव्हा असला शब्द वापरलाच नव्हता.

"कम्प्युटरचा गेम म्हणजे गावाकडची म्हातारी समज," ते म्हणाले होते. "ते काही फोनमधी राहाले तयार नाही. मंग आपण काय करतो, फोनच्या आत तिच्या गावासारखं गाव बनवून देतो. तेच विहीर, तोच ओटा, तेच शेजारीण. तिले वाटते आपण घरीच हाओ. तिले कळू द्यायचं नाही का आपण फोनमधी आलो, न फोनले कळू द्यायचं नाही का आपल्या पोटात म्हातारी बसली हाये. समजलं का गा?"

मी समजलं म्हणालो. त्यानंतर कित्येक दिवस फोन कानाला लावताना मला आत कुणीतरी बसलंय असं वाटून मी हळू बोलायचो.

तर या भाऊजींनी आजवर किती म्हाताऱ्या फोनमध्ये वसवल्या याला गणती नाही. मोटारींच्या शर्यती, राजेमहाराजांच्या लढाया, विमानं, भुतांचे बंगले, सगळं. पण खेळ सुरू झाला, गाडी रस्त्यावर आली, की भाऊजी वरच्या कोपऱ्यातला एक हिरवा आकडा बघतात. एका सेकंदात चित्र किती वेळा बदलतं, त्याचा तो आकडा. तो साठ असला की त्यांच्या चेहऱ्यावर जेवण झाल्यासारखं समाधान पसरतं. "साठ येऊन राहिले," ते म्हणतात, आणि खेळ बंद करतात. लग्नाच्या पंगतीत एखादा माणूस एकेका भांड्याचं झाकण उचलून वास घेतो, छान छान म्हणतो आणि न जेवता घरी जातो, तसा प्रकार. मी एकदा धीर करून म्हटलं, भाऊजी, गाडी सुरू झालीच आहे तर जरा चालवा तरी. ते मला म्हणाले, "काहून? कुठं जायचं हाये?"

मग मीच चालवली. स्क्रीनवर डाव्या अंगठ्याखाली एक खोटं चाक असतं आणि उजव्या अंगठ्याखाली खोटी बटणं. मी ती गाडी सुरू केली, उलटी नेली, प्रेक्षकांत घातली, आणि शेवटी ती गाडी स्वतःहून पेटली. भाऊजींनी शांतपणे फोन माझ्या हातून काढून घेतला. आकडा तेवढ्यातही साठच होता, ते त्यांनी मला दाखवलं.

माणसाची पारख ते फोनवरून करतात. तब्येत कशी, पोरं काय करतात, हे प्रश्न पुढचे. आधी फोनमधला प्रोसेसर कोणता. ताईंच्या जावेच्या मुलीसाठी स्थळ बघायला आम्ही एकदा सदर भागात गेलो होतो. मुलगा बँकेत, घरची माणसं सभ्य, पोह्यांवर तर्री अशी की डोळ्यांत आनंदाश्रूच यावेत. सगळे बोलण्यात गुंतले असताना भाऊजींनी मुलाला बाल्कनीत नेलं. मोठ्या माणसांना वाटलं, पगार, व्यसनं वगैरे विचारत असतील. अर्ध्या तासानं दोघं परत आले. मुलगा घामाघूम झाला होता. परतताना रिक्षात सगळ्यांनी भाऊजींचं मत विचारलं, तर ते गंभीरपणे म्हणाले, "पोरगा चांगला हाये. पण गरम लवकर होते." मुलीच्या आईनं हे तापट स्वभावाबद्दल घेतलं आणि स्थळ जवळजवळ मोडलंच. ताईंनी मग घरोघरी फिरून सांगितलं की ते मुलाबद्दल नसून त्याच्या फोनबद्दल होतं. लग्न झालं. जावई स्वभावानं एकदम थंड निघाला. फोन त्यानं अजून बदललेला नाही आणि त्याचं भाऊजींना वाईट वाटतं.

गरम होणं हा भाऊजींच्या आयुष्यातला खरा शत्रू. आधीच या उद्योगात फोन तापतो, त्यात नागपूरचा मे महिना. नवतपा, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाचे नऊ दिवस, लागला की माणसं घरात दडतात, कुत्री नळाखाली जाऊन बसतात आणि भाऊजींचा फोन तव्यासारखा होतो. त्यांनी तो माठावर ठेवून पाहिला, ओल्या फडक्यात गुंडाळून पाहिला, आणि शेवटी फरसाणाच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडून, आत वाळ्याच्या इवल्याशा ताट्या लावून आणि एक बोटभर पंखा बसवून फोनसाठी स्वतंत्र कूलर तयार केला. घरच्या मोठ्या कूलरच्या ताट्या बदलायच्या त्या वर्षी राहूनच गेल्या. ताई पदरानं वारा घेत म्हणाल्या होत्या, "घरात माणसं शिजून राहिली, न फोनले सर्दी व्हायची पाळी आली." मीही या थंडपणाच्या नादाला लागलो. भाऊजींचं ऐकून मी माझा फोन पाच मिनिटांसाठी म्हणून फ्रिजमध्ये ठेवला आणि विसरलो. मग घर पालथं घातलं, भाजीवाल्यावर संशय घेतला, स्कूटर काढून आलो त्या रस्त्यानं परत गेलो. शेवटी बायकोनं स्वतःच्या फोनवरून लावून पाहिलं तेव्हा मेथीच्या जुडीतून घंटी वाजली. तिनं तो फोन काढून, पुसून, माझ्यासमोर ताटलीत ठेवला. बोलली काही नाही. न बोलण्यात त्या दोघी बहिणींचा हात कुणी धरू शकणार नाही.

त्या न बोलण्यापासूनच खरी गोष्ट सुरू होते.

ताईंचं लग्न झालं तेव्हा भाऊजींच्या घरी एक अवजड कम्प्युटर होता, आणि एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीत एक खेळ होता. समुद्राकाठच्या खानावळीचा. गिऱ्हाईक दाराशी आलं की घंटा वाजते, त्याला बसवायचं, काय हवं ते आणून द्यायचं. उशीर झाला की ते चमचा टेबलावर आपटतं. पोट भरलं की गल्ल्यात पैसे टाकून निघून जातं. ताई शाळेत शिकवायच्या. दुपारी घरी येऊन, सासूबाईंचा डोळा लागला की तेवढा वेळ त्या खानावळ चालवायच्या. मी एकदा विचारलं होतं, दिवसभर घरात तेच करता आणि वर खेळातही तेच? त्या म्हणाल्या, "तिथं लोकं जेवून झाल्यावर उठून जातात जी. न ताटंही दुसरंच कोणी धुते."

वर्षानुवर्षं ती खानावळ चालली. मग एका सणाला भाऊजींनी तो जुना कम्प्युटर एका दुकानात देऊन त्याच्या बदल्यात नवा फोन आणला. घरी आल्यावर टेबलावरची रिकामी, धुळीची चौकोनी जागा ताईंनी पाहिली, ती पुसली, आणि तिच्यावर फुलदाणी ठेवली. एवढंच. भाऊजी घाबरले. सीडी हातात घेऊन ते म्हणाले, "दोन दिवसांत फोनवर चालू करून देतो." हे त्यांनी सगळ्या नातेवाइकांसमोर म्हटलं, ही त्यांची चूक. खरं म्हणजे एम्युलेशनचं हे सगळं वेड त्या वाक्यापासून लागलं. बाकीच्या म्हाताऱ्या त्यांनी सरावासाठी फोनमध्ये वसवल्या. वसवायची होती ती ही एकच. आणि तीच काही केल्या राहायला तयार होईना. दोन दिवसांची वर्षं झाली. आमच्याकडे आता एखादं काम रखडलं, मग ते नळाचं असो की महापालिकेचं, की घरातलं शेंबडं पोरही विचारतं, "भाऊजींचे दोन दिवस का?" भाऊजी हसतात. पण मी त्यांना त्या वेळी फुलदाणीकडे बघताना पाहिलं आहे.

अडचण अशी की खेळ सुरू व्हायचा, पण पडदा काळा. नुसता काळा, आणि कोपऱ्यात तो हिरवा साठ. म्हणजे जे अजिबात दिसत नव्हतं, ते एका सेकंदात साठ वेळा दिसत नव्हतं. आवाज मात्र सगळे यायचे. भाऊजी एका संध्याकाळी हताश होऊन तो काळा फोन घेऊन पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. ताई पाटोडीच्या वड्या कापत होत्या. फोनमधून घंटा वाजली. ताई मान वर न करता म्हणाल्या, "दाराशी गिऱ्हाईक उभं हाये."

भाऊजी थबकले. टकटक आवाज आला. "हा कोपऱ्यातला म्हातारा. याले सूप पाहिजे राहते. डाव्या बाजूले, खाली, बोट ठेवा. तिथं नाही, आणखी खाली. आता वर न्या." भाऊजींनी काळ्या काचेवरून बोट नेलं. गल्ला खणखणला.

त्या दिवसापासून भाऊजींनी हॉलमधलं प्लास्टिकचं स्टूल उचलून ओट्याशेजारी मांडलं. संशोधनासाठी, असं त्यांचं म्हणणं. कुठली सेटिंग बदलली की आत नेमकं काय होतं हे त्यांना दिसत नव्हतं, आणि ताईंना ऐकू येत होतं. हे वाचायला साधं वाटतं, पण त्याआधी भाऊजी स्वयंपाकघरात फक्त पाण्यासाठी आणि उंदरासाठी जात असत. आता रोज संध्याकाळी मसाल्याच्या डब्याला टेकून फोन उभा राहू लागला. ते एखादी सेटिंग बदलायचे, विचारायचे, आता काय ऐकू येऊन राहिलं? ताई सांगायच्या. आणि ओट्याशेजारी रिकामा बसलेला माणूस कुठल्याच गृहिणीला बघवत नाही, त्यामुळे हळूहळू त्यांच्यापुढे लसूण आला, मग मटार आले, मग सांबाराची जुडी आली (कोथिंबिरीला आम्ही सांबार म्हणतो, यावर पुण्याच्या पाहुण्यांनी हसू नये). काळ्या पडद्यावर घंटा वाजायची, ताई वर्गातल्या पोरांच्या गमती सांगायच्या, भाऊजी कचेरीतल्या साहेबाची नक्कल करायचे, मध्येच कुणीतरी चमचा आपटायचं आणि दोघं एकदम म्हणायचे, थांब बे म्हाताऱ्या. आम्ही गेलो तर आम्हाला हॉलमध्ये बसवून चहा यायचा, आणि आतून हे दोघं कुणा तिसऱ्याशीच बोलत असल्यासारखं ऐकू यायचं.

आता यात माझा अंगठा येतो.

एका रविवारी आम्ही जेवायला गेलो होतो. भाऊजी दही आणायला खाली उतरले आणि जाताना फोन माझ्या हातात देऊन म्हणाले, धरून ठेव, हात लावू नको. हात न लावता फोन कसा धरायचा हे विचारायच्या आत ते जिन्यात होते. त्या काचेवर लसणाचं एक साल चिकटलं होतं. मी ते अंगठ्यानं काढायला गेलो. साल निघालं नाही, पण एक पाटी उघडली, ती बंद करायला गेलो तर दुसरी उघडली, आणि एका चौकोनात आपोआप बरोबरची खूण उमटली. खूण पुसण्यासाठी मी आणखी जोरात दाबलं, तर खूण तशीच राहिली आणि पाट्या मिटल्या. पडदा लखकन उजळला. निळा समुद्र, लाल कौलांची खानावळ, आणि दाराशी टोपी घातलेलं एक गिऱ्हाईक माझ्याकडे बघत उभं. माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते, "मी काही केलं नाही."

झालं होतं असं की, चित्रांचा वेग अर्धा करायची एक खूण त्या सेटिंगमध्ये असते, ती माझ्या अंगठ्यानं उमटली, आणि त्या जुन्या खेळाला तेवढाच वेग झेपत होता. बाकी सगळं भाऊजींनी उलटंपालटं करून पाहिलं होतं, पण वेग कमी करायची खूण? साठाच्या जागी तीस? सज्जन माणूस जसा देशी दारूच्या दुकानाकडे मान वळवत नाही, तसं त्यांनी त्या चौकोनाकडे कधी बघितलंच नव्हतं. असल्या गल्लीत शिरायला माझ्यासारखा माणूस लागतो.

दह्याची पिशवी हातात घेऊन भाऊजी दारात उभे राहिले. आधी त्यांनी कोपऱ्यातला आकडा पाहिला, आणि त्यांचा चेहरा पडला. "तीसच हाये," ते ओशाळून ताईंना म्हणाले. "हळूच चालंन."

ताईंनी चष्मा वर केला. "चालू द्या. गिऱ्हाइकंही म्हातारी झाली, न मीही."

आणि त्या खेळायला बसल्या. काय खेळल्या महाराजा! बोट असं फिरत होतं जसं मधे एकही वर्ष गेलेलं नाही. भाऊजी ओलं फडकं घेऊन फोनच्या पाठीला वारा घालत उभे, माझी बायको टाळ्या वाजवतेय, आणि मी प्रत्येकाला पुन्हा पुन्हा सांगतोय की आधी एक पाटी उघडली, मग दुसरी. फुलदाणी त्याच दिवशी टेबलावरून हलली. मी पुढचा आठवडाभर कचेरीत, बसथांब्यावर आणि न्हाव्याकडे माझ्या अंगठ्याची गोष्ट सांगत होतो.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा दारातच मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. स्टूल हॉलमध्ये परत आलं होतं. त्यावर बसून भाऊजी दुसऱ्याच फोनवर एका विमानाशी झुंजत होते. काम फत्ते झालं होतं, आता पुढची म्हातारी. ताई आत एकट्या होत्या. मसाल्याच्या डब्याला टेकलेला फोन होता, त्यात समुद्र निळाशार होता, आणि त्या त्याच्याकडे न बघता लसूण सोलत होत्या. घंटा वाजली. मी म्हटलं, ताई, गिऱ्हाईक आलं. "हो, दिसून राहिलं," त्या म्हणाल्या, आणि पुढची पाकळी हातात घेतली. हॉलमधून भाऊजी स्वतःशीच म्हणाले, साठ. मी अस्वस्थ झालो, पण काही चुकल्यासारखं वाटलं की मी जास्त जेवतो, तसा जेवलो आणि घरी आलो.

त्यानंतरच्या भेटीत मी पाणी प्यायला आत गेलो. गॅसवर कढईत कांदाभजी तळत होती, आणि ताई पाठमोऱ्या उभ्या होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात फोन. मला वाटलं, खेळतायत. जवळ जाऊन पाहिलं तर ती पाटी उघडली होती. मग दुसरी. मग ताईंचं पिठाचं बोट, काही एक न चाचपडता, सरळ त्या चौकोनावर गेलं आणि खूण पुसून आलं. समुद्र विझला. पडदा काळा झाला.

त्यांनी मागं वळून मला पाहिलं. "माठातलं घ्या," त्या म्हणाल्या. मग हॉलकडे तोंड करून हाक मारली, "अहो, हे पुन्हा काळं झालं पाहा."

"काळं? काहून?" हॉलमध्ये विमान कोसळल्याचा आवाज आला, आणि स्टूल घेऊन भाऊजी दारात आले. आता मला राहवेना. आयुष्यात एकाच विषयातलं ज्ञान माझ्याकडे आहे आणि ते वापरायची वेळ आली होती. "सोपं आहे भाऊजी," मी सुरुवात केली, "ती दुसरी पाटी उघडायची आणि..." ताईंनी कढईतून काढलेली गरम भजी माझ्या हातावर ठेवली. मीठ पाहा म्हणाल्या. ती भजी इतकी गरम होती की मला दोन्ही हात आणि तोंड त्याच कामाला लावावे लागले.

तोवर भाऊजींनी फोन हातात घेतला होता. कुठल्याही फोनवर त्यांची नजर आधी कोपऱ्यात जाते, तशी ती आत्ताही गेली. काळ्या पडद्यावर हिरवा आकडा होता. तीस नव्हे, साठ. खूण पुसल्याशिवाय तिथं साठ येऊच शकत नाही, हे माझ्यासारख्याला कळतं, तर भाऊजींना किती कळत असेल. ते त्या साठाकडे बघत राहिले. मग त्यांनी ताईंच्या बोटाला लागलेलं पीठ पाहिलं, आणि काचेवरचं पीठ पाहिलं. पाटी उघडतील, म्हणून मी भजी तोंडात धरून उभा.

त्यांनी पाटी उघडली नाही. फोन मसाल्याच्या डब्याला टेकवला, स्टूल ओट्याशेजारी नीट बसवलं, लसणाची ताटली पुढे ओढली.

आत घंटा वाजली.

"काय ऐकू येऊन राहिलं वं?"

"दाराशी कोणी आलं हाये."

"मंग बसव न त्याले," भाऊजी म्हणाले, आणि पहिली पाकळी सोलायला घेतली. मी माझा अंगठा खिशात घातला आणि पाणी न पिताच बाहेर आलो.